गिटारला दुसरी मान आली कुठून?

गणपतीला कुडाळचा भाचा आला तो मोबाइलवर एक फोटो घेऊनच. "मामानू, अशी दोन नेकांची गिटार आपल्या सुताराक करूक जमात काय?" फोटोतली गिटार इलेक्ट्रिक होती. त्याला हवी होती पोकळ, लाकडी, विजेशिवाय वाजणारी. एका नेकवर भजनाची साथ आणि दुसरा नेक वेगळ्या सुरात लावून ठेवलेला, म्हणजे मध्येच खुंट्या पिळत बसायला नको. सुताराला जमेल की नाही हे नंतरचं. मुळात हा दुसरा नेक, म्हणजे दुसरी मान, वाद्याला का फुटली, ते आधी पाहायला हवं.

ती फुटली खर्जासाठी. तार जितकी लांब, तितका सूर खाली. सप्तकभर खाली जायचं तर लांबी दुप्पट करा, नाहीतर त्याच लांबीत तार चौपट जड घ्या. सोळाव्या शतकात युरोपात तारा आतड्याच्या असत. आतड्याची तार जाड केली की ताठर होते आणि सूर दबका, बसका निघतो. मग लांबी वाढवण्यावाचून उपाय नव्हता. आलेस्सांद्रो पिच्चिनिनी या इटालियन वादकाने १६२३ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे की, १५९४ मध्ये पादुआला त्याने आधी पोटच लांब असलेलं ल्यूट, म्हणजे गिटारसारखं छेडून वाजवायचं जुनं तंतुवाद्य, करवून घेतलं. ते जमलं नाही, तेव्हा मान लांबवली. मूळ मानेवर बोटांनी सूर धरायचे पडदे, पुढे वाढवलेल्या मानेवर नुसत्या मोकळ्या सोडलेल्या लांब खर्जाच्या तारा. त्याच काळातला थिऑर्बो, म्हणजे तसंच लांब मानेचं मोठं ल्यूट, तर माणसापेक्षा उंच होई. आज बघताना अवघड वाटतो, पण त्या काळी त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं.

ही गरज कमी केली ती एका तारेनेच. आतड्यावर किंवा रेशमावर धातूची बारीक तार गुंडाळून जड, तरीही लवचिक तार करता येऊ लागली. इंग्लंडमध्ये १६६४ साली तिची जाहिरात छापलेली सापडते. त्यानंतर खर्जासाठी लांब मान हळूहळू लागेनाशी झाली.

तरी प्रयोग थांबले नाहीत. पॅरिसच्या अलेक्सांद्र व्होबाम याने १६९० मध्ये मोठ्या गिटारच्या कुशीला छोटी गिटार जोडलेलं वाद्य केलं. ते व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. खरी टिकली ती व्हिएन्नाचीच काँट्रागिटार. सहा तारांचा पडद्यांचा नेक आणि शेजारी बहुधा नऊ मोकळ्या खर्जाच्या तारांचा दुसरा. १८८० च्या दशकात श्रामेल बंधूंच्या चौकडीत दोन व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या खाली तीच आधार धरून असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गिब्सन कंपनीने अशीच दहा मोकळ्या खर्जाच्या तारांची हार्प गिटार विकली. मँडोलिनच्या वाद्यवृंदांची लाट ओसरली तशी तीही मागे पडली.

इथे एक गोष्ट माझ्या भाच्याने नीट ऐकावी असं मला वाटतं. टिकलेल्या या सगळ्या वाद्यांत दुसऱ्या मानेवर पडदे नाहीत. डावा हात एकाच नेकवर राहतो, दुसऱ्या तारा उजव्या हाताने नुसत्या छेडायच्या. दोन्हीकडच्या तारा एकाच वेळी कामाला येतात. नेक बदलण्यासाठी म्हणून दुसरा नेक ही सोय खरी जमली इलेक्ट्रिक गिटारवर, कारण तिथे आवाज तारांची थरथर टिपून विजेत बदलणाऱ्या पिकअपमधून येतो, लाकूड भरीव असलं तरी चालतं. पोकळ गिटारचा आवाज तबलीच्या, म्हणजे पोटावरच्या पातळ फळीच्या, थरथरण्यातून येतो. सहा पोलादी तारांचा ताण साधारण ७० किलोचा. बारा-अठरा तारा चढवल्या की तबली फाटू नये म्हणून आतून जास्त पट्ट्या लावाव्या लागतात, आणि जितक्या पट्ट्या तितकी ती मुकी. त्यात न वाजवलेला नेक आपोआप घुमत राहतो तो वेगळाच.

हे सगळं पेलून दाखवलं कॅनडाच्या गिटार घडवणाऱ्या लिंडा मॅन्झर यांनी. अमेरिकन जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीसाठी त्यांनी १९८४ मध्ये केलेली पिकासो गिटार ४२ तारांची आहे, वजन ६.७ किलो, आणि तारांचा ताण साडेचारशे किलोंच्या घरात. वादकाला सगळ्या तारा दिसाव्यात म्हणून तिचं पोट त्याच्या बाजूला निमुळतं केलं आहे. पण ती घडवायला हजारेक तास लागले होते.

आपल्याकडे जास्त तारांचा हाच प्रश्न मान न वाढवता सोडवला गेला. सतारीची एकच दांडी, वर वाजवायच्या तारा, कडेला मध्ये मध्ये झंकारायच्या चिकारीच्या तारा, पडद्यांच्या खाली आपोआप घुमणाऱ्या तरफा. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेतही मूळ गिटारच्या एकाच नेकवर वीसच्या आसपास तारा बसल्या, त्यातल्या डझनभर तरफा, त्यांच्या खुंट्या दांडीच्या कडेला. मला हा तोडगा जास्त शहाणपणाचा वाटतो.

आणि आमच्या हवेत तर फारच. मिरजेच्या कोरड्या हवेत जुळवलेला तंबोरा आंबोली घाट उतरून सावंतवाडीत आला की पावसाळाभर रुसतो, हे इथल्या प्रत्येक गवयाला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पितं, तबली फुगते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात, खुंट्या आवळतात. एक नेक जागेवर आणताना नाकीनऊ येतात. दोन नेक असले तर दोन्ही एकाच दिशेने, एकाच मापाने सरकतील याची खात्री नाही. एक जुळवावा तर तबलीवरचा ताण बदलून दुसरा उतरतो.

सुताराकडे आम्ही दोघेही जाऊन आलो. त्याच्या माळ्यावर फणसाच्या फळ्या शिमग्यापासून वाळताहेत. फणसाची वीणा होते, मृदंगाचं खोडही होतं, तेव्हा गिटारची पाठ आणि बाजू त्यातून व्हायला हरकत नाही. तबलीला मात्र तो जड, तिथे स्प्रूसचं हलकं लाकूडच हवं, ते मुंबईहून मागवायचं. नेक एकच ठरला आहे. शेजारी बिनपडद्याचा एक हात, त्यावर खर्जाच्या पाच मोकळ्या तारा, भजनाच्या काळी चार आणि काळी पाचला लावता येतील अशा. काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की सुरू होईल.