फुटकी कवडी आणि अडत्याची पट्टी : पैशांचे वाक्प्रचार आणि पैशांवरच्या कोट्या पोर्तुगीजमध्ये नेताना

"खिशात फुटकी कवडी नाही," असं जळगावच्या बाजार समितीत कुणी म्हणालं तर कुणी हसत नाही. रोजचं बोलणं आहे ते, वाक्प्रचार. पण माल विकून आलेला शेतकरी म्हणतो, "अडत्यानं पट्टी दिली, पण ती जखमेवर बांधायलाही पुरायची नाही," तेव्हा आजूबाजूचे हसतात. ही कोटी. अडत्या, म्हणजे बाजारातला दलाल, विक्रीच्या हिशोबाचा जो कागद देतो ती पट्टी आणि जखमेची पट्टी हा एकच शब्द, म्हणून ती साधली. अनुवाद करणारे मात्र दोन्हींवर "शब्दशः जमत नाही" असा एकच शिक्का मारतात आणि दोन्हींना एकच औषध देतात. घोळ होतो तो इथे.

वाक्प्रचारात अर्थ पोचवायचा असतो, चित्र बदललं तरी चालतं. कफल्लक माणसाकडे पोर्तुगीजमध्ये 'तोस्तांव फुरादो'ही नसतो, म्हणजे भोक पडलेला तोस्तांव. तोस्तांव हे जुनं नाणं. ब्राझीलमध्ये १९९४ पासून रेआल चालतो, पोर्तुगालात २००२ पासून युरोच्या नोटा-नाणी आहेत, तरी तोस्तांव लोकांच्या तोंडून गेला नाही. आपल्या कवडी-दमडीचंही तेच. फुटक्या कवडीच्या जागी हा तोस्तांव ठेवला की काम झालं. पण कवडीच ठेवायचा हट्ट धरून 'बूझियो' लिहिलं, तर पोर्तुगालातल्या वाचकाला समुद्रावरचा शंख दिसेल. ब्राझीलमध्ये तर बूझियो टाकून भविष्य पाहतात, त्यामुळे तिथल्या वाचकाच्या मनात गरिबीऐवजी नशिबाचा विचार येईल. साधं बोलणं उगाच गूढ होऊन बसेल. मूळ वाक्यावर कुणी थबकत नसेल, तर अनुवादावरही कुणी थबकता कामा नये, असं मला ठामपणे वाटतं.

कोटीत उलट आहे. तिथे वाचकानं थबकायलाच हवं, आणि हे थबकणं शब्दाच्या दोन अर्थांमुळे होतं. पोर्तुगीजमध्ये जखमेच्या पट्टीला आणि हिशोबाच्या कागदाला वेगवेगळे शब्द आहेत. तळटीप देऊन पट्टी समजावली तर वाचकाला माहिती मिळते, हसू येत नाही. मग त्या भाषेत हिशोबाच्या शब्दाला दुसरा कोणता अर्थ आहे, ते शोधायचं. 'कोंता' म्हणजे हिशोब, बिल, बँकेतलं खातं. आणि कोंता म्हणजे जपमाळेचा मणीसुद्धा. म्हणून मी त्या शेतकऱ्याच्या तोंडी हे घालीन : "देउ-मी अ कोंता, सो दा पारा रेझार." हाती कोंता दिला, त्यात फक्त देवाचं नाव घेणं परवडेल. जखम गेली, जपमाळ आली. पण भाव पडल्याचं दुःख आणि त्यातून निघालेलं हसू शाबूत राहिलं. हा बदल काहींना स्वैर वाटेल. मला तो मुळाशी जास्त इमानदार वाटतो, कारण शेतकऱ्याला जे करायचं होतं तेच इथेही होतं.

गंमत म्हणजे आपल्याकडे 'कोटी' हा शब्दच विनोदाचाही आणि शंभर लाखांचाही. पोर्तुगीजमध्ये विनोदातल्या कोटीला 'त्रोकादील्यो' म्हणतात. 'त्रोकार' म्हणजे बदलणं, आणि त्याच घराण्यातला 'त्रोकादो' म्हणजे सुटे पैसे.

कधीकधी वाक्प्रचार आणि कोटी दोन्ही एका वाक्यात येतात आणि तिथे खरी कसोटी लागते. "विहीर कोरडी, पण ती मंजूर करणाऱ्याचे हात ओले," असं उन्हाळ्यात आपल्याकडे कुणीही बोलून जाईल. 'हात ओले करणे' हा वाक्प्रचार, पण कोरड्या विहिरीशेजारी ठेवल्यावर त्यातलं पाणी जागं होतं आणि त्याची कोटी होते. अशा वेळी 'लाच घेतली' एवढा अर्थ नेऊन भागत नाही, ओलेपणाही न्यावा लागतो. नशिबानं पोर्तुगीजमध्ये लाच देण्याला 'मोल्यार अ मांव' म्हणतात, अक्षरशः हात ओला करणं. विहीर, कोरडेपणा, हात, सगळं जसंच्या तसं जातं. असा योग क्वचित येतो, पण आहे का ते आधी पाहावं. नवं रचायचं ते नंतर.

कंजूष माणसाचं मात्र जपून. ब्राझीलमध्ये तो 'पांव-दुरो', म्हणजे कडक पाव, पोर्तुगालात 'फोर्रेता'. वाचक कुठल्या देशातला, हे काम घेतानाच विचारून घ्या.