पेल एल व आयपीए : आस्वादन आणि गुणांकन

पेल एल आणि इंडिया पेल एल (आयपीए) या हॉप्सप्रधान, म्हणजे कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्स या फुलांवर भर असलेल्या, बियर आहेत. त्यांचा वास, रूप, चव, तोंडात जाणवणारा पोत आणि एकूण परिणाम ठरावीक क्रमाने तपासून गुण देण्याच्या पद्धतीला आस्वादन व गुणांकन म्हणतात. बियर आवडली की नाही, हा यातला एक प्रश्न झाला. परीक्षकाला त्याहून महत्त्वाच्या दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: ही बियर ज्या शैलीच्या नावाने विकली जाते त्या शैलीत बसते का, आणि तिच्यात दोष असेल तर तो नेमका कुठे शिरला, टाकीत, वाहतुकीत, टॅपच्या नळीत की ग्लासात? मुंबईसारख्या उष्ण, दमट शहरात हा दुसरा प्रश्न सर्वांत जड ठरतो, कारण हॉप्सचा वास हा बियरमधला सर्वांत नाजूक भाग असून तो उष्णतेने आणि ऑक्सिजनने सर्वांत आधी जातो.

पार्श्वभूमी : अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो भागातील जॉर्ज हॉजसन यांच्या ब्रुअरीची फिकट, भरपूर हॉप्स घातलेली बियर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात येऊ लागली. १८२० च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या ऑलसॉप आणि बास या ब्रुअरी या व्यापारात उतरल्या. बर्टनच्या पाण्यात जिप्सम मुबलक असल्याने त्यांच्या बियरचा कडवटपणा अधिक कोरडा आणि स्वच्छ लागे. हॉजसनने लांबच्या प्रवासासाठी ही बियर मुद्दाम शोधून काढली, ही कथा लोकप्रिय आहे, पण खरी नाही. जास्त हॉप्सची फिकट बियर इंग्लंडात आधीपासून होती आणि गडद पोर्टरही तोच प्रवास करून सैनिकांसाठी येत असे. आज आयपीए म्हणून ओळखली जाणारी चव मात्र अमेरिकेत घडली. कॅस्केड हा हॉप्सचा वाण १९७२ मध्ये लागवडीसाठी खुला झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ मध्ये लिबर्टी एलमध्ये आणि सिएरा नेवाडाने १९८० मध्ये आपल्या पेल एलमध्ये त्याचा ठळक वापर केला. 

पुण्यात २००९ मध्ये दूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि पुढे ती मुंबईतही आली. त्यानंतरच्या दशकात लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत आणि अंधेरी परिसरात ब्रूपब, म्हणजे आपली बियर जागेवरच बनवून विकणारे पब, उभे राहिले. तिथे गव्हाच्या बियर जास्त खपतात, तरी फळ्यावर एखादी पेल एल वा आयपीए बहुधा असतेच.

शैली आणि आकडे : स्पर्धांमध्ये बहुतेक ठिकाणी बीजेसीपी या अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या परीक्षक संस्थेच्या मार्गदर्शिका वापरतात. कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. अमेरिकन पेल एलसाठी ३० ते ५० आयबीयू आणि ४.५ ते ६.२ टक्के मद्यार्क. इंग्लिश आयपीएसाठी ४० ते ६० आणि ५ ते ७.५ टक्के, अमेरिकन आयपीएसाठी ४० ते ७० आणि ५.५ ते ७.५ टक्के, हेझी म्हणजे गढूळ आयपीएसाठी २५ ते ६० आणि ६ ते ९ टक्के, डबल आयपीएसाठी ६० ते १०० आणि ७.५ ते १० टक्के अशी चौकट आहे. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत बियरची कमाल मर्यादा ८ टक्के असल्याने इथे बनलेली डबल आयपीए या चौकटीच्या खालच्या टोकालाच राहते. तिला ‘अंग कमी’ म्हणून गुण कापताना परीक्षकाने हे ध्यानात ठेवावे.

ब्रूपबच्या फळ्यावर खडूने लिहिलेला आयबीयू चाखण्याआधी पाहूच नये. तो बहुधा सूत्राने काढलेला असतो, प्रयोगशाळेत मोजलेला नसतो. हेझी आयपीएत तर बहुतांश हॉप्स उकळी संपल्यावर पडतात, त्यामुळे त्या आकड्याचा जिभेवरच्या अनुभवाशी संबंध आणखी विरळ होतो. शिवाय उरलेली साखर कडवटपणा झाकते: ६० आयबीयूची गोडसर बियर ४५ आयबीयूच्या कोरड्या बियरपेक्षा मऊ लागू शकते.

तयारी : एका बैठकीत चार ते सहा नमुने पुरे. प्रत्येकी ६० ते ९० मिलि. बियर २५० ते ३०० मिलि.च्या, वर निमुळत्या होणाऱ्या ग्लासात ओतावी. वास साठायला ग्लासात रिकामी जागा लागते, म्हणून काठोकाठ भरलेला छोटा टेस्टर ग्लास आयपीएसाठी निरुपयोगी आहे. तापमान ७ ते १० अंश सेल्सिअस असावे. मुंबईत बियर ३–४ अंशांवर, कधी गोठवलेल्या ग्लासात देण्याची सवय आहे. त्या तापमानाला वास दबतो, कडवटपणा बोचरा होतो आणि दोषही लपतात. अशी बियर हातात धरून पाच-सात मिनिटे थांबावे.

ग्लास तेलकट असेल तर पुढचे सगळे व्यर्थ जाते. धुतलेला ग्लास पाण्याने ओला करून उपडा धरावा. पाण्याचा सलग पापुद्रा ओघळला तर ग्लास स्वच्छ, थेंब-थेंब तुटले तर स्निग्धता शिल्लक आहे. बियर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला ठरावीक जागी बुडबुडे चिकटून राहिले तरी तेच समजावे. भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास हॉप्सच्या वासात बेमालूम मिसळतो, म्हणून बिनवासाचा डिटर्जंट वापरावा आणि फडक्याने न पुसता ग्लास जाळीवर उपडे वाळवावेत.

खोलीत उदबत्ती, डासांची कॉइल, अत्तर, तळणीचा धूर नको. पावसाळ्यात भिंतींचा कुबट वास बियरचा समजला जातो. शंका आली की तशाच दुसऱ्या ग्लासात साधे पाणी घेऊन हुंगावे. पंख्याच्या थेट झोताखाली बसू नये. दमट हवेत थंड ग्लास बाहेरून लगेच धुरकटतो आणि स्वच्छ बियरही गढूळ दिसते, म्हणून पारदर्शकता पाहण्याआधी ग्लास पुसून मागे पांढरा कागद धरावा.

जीभ धुण्यासाठी साधे पाणी आणि बिनमिठाचा ब्रेड किंवा साधा पाव चालतो. मसाला शेंगदाणे, चकली, चिली चीज टोस्ट नंतर खावे. मीठ कडवटपणा दाबते, त्यामुळे खाऱ्या चखन्यासोबत चाखलेली आयपीए खरी आहे त्याहून सौम्य वाटते. मिरचीची आग मद्यार्काच्या आणि कार्बन डायऑक्साइडच्या चुरचुरीत मिसळून उलट गोंधळ करते.

क्रम : सौम्याकडून तीव्राकडे जावे, म्हणजे पेल एल, इंग्लिश आयपीए, अमेरिकन आयपीए, डबल आयपीए. हेझी आयपीए वेस्ट कोस्ट आयपीएच्या, म्हणजे कोरड्या, कडक अमेरिकन आयपीएच्या, आधी ठेवावी. नंतर ठेवली तर ती सरबतासारखी गुळमट लागते, आणि दोष तिचा नसतो. कडवटपणा जिभेवर साचत जातो, म्हणून दोन नमुन्यांत किमान दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावीत.

प्रत्यक्ष आस्वादन : ओतताच पहिले काम नाकाचे. फेस आणि रंग मिनिटभर थांबतील, हॉप्सची सर्वांत हलकी तेले थांबत नाहीत. दोन-तीन आखूड हुंगण्या घ्याव्यात, सुचेल तो शब्द लगेच लिहावा, मग ग्लासावर तळवा ठेवून बियर फिरवून पुन्हा हुंगावे. त्यानंतर रूप: फेस सुमारे दोन सेंटिमीटर, पांढरा, दाट आणि टिकणारा हवा, प्रत्येक घोटानंतर काचेवर त्याची जाळी उरायला हवी. रंग पेल एलमध्ये फिकट सोनेरी ते फिकट तांबूस. हेझी आयपीए गढूळ असावी, पण तळाशी गाळ बसू नये, आणि रंग करडा-तपकिरी झाला असेल तर तो ऑक्सिडेशनचा, म्हणजे ऑक्सिजनने बियर शिळी झाल्याचा, इशारा आहे.

घोट १५–२० मिलि.चा घ्यावा, तोंडभर फिरवावा आणि गिळावा. वाइनप्रमाणे थुंकून चालत नाही, कारण गिळल्यानंतर नाकावाटे सोडलेल्या श्वासात हॉप्सचा अर्धा स्वभाव कळतो आणि कडवटपणा किती वेळ, कसा टिकतो हेही तेव्हाच उमगते. कडवटपणाचे प्रमाण लिहिणे सोपे आहे. त्याची जात लिहिणे हे खरे काम. चांगल्या आयपीएचा कडवटपणा झटकन चढतो आणि स्वच्छ उतरतो, पुढचा घोट घ्यावासा वाटतो. कारल्याच्या बियांसारखा घशात चिकटून राहणारा, किंवा चहा फार उकळल्यावर येतो तसा तुरट कडवटपणा हा दोष आहे. तो माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) भुशातून जास्त गरम किंवा अल्कधर्मी पाणी गेल्याने, किंवा ड्राय हॉपिंग, म्हणजे न उकळता हॉप्स बियरमध्ये भिजत ठेवणे, फार दिवस लांबल्याने येतो.

वासाचे शब्द : अमेरिकन मार्गदर्शिकांतले ग्रेपफ्रूट, पॅशनफ्रूट, पाइन हे शब्द इथल्या पुष्कळ परीक्षकांनी चाखण्याआधी वाचलेले असतात. ओळखीच्या वासांवर टिपणे अधिक अचूक उतरतात. कॅस्केड आणि सेंटेनियलमध्ये पपनसाची साल आणि फुलांचा वास मिळतो, सिट्रामध्ये पिकलेला आंबा, लिची आणि लिंबाची साल, सिम्कोमध्ये राळ आणि ओले लाकूड, मोझेकमध्ये पेरू आणि बेरी, नेल्सन सोव्हिनमध्ये हिरवी द्राक्षे. इंग्लंडचे ईस्ट केंट गोल्डिंग्ज मातकट, फुलांचे, किंचित मधासारखे असते. मोझेक किंवा सिम्कोत कधी कांदा-लसणाचा वास येतो. तो उशिरा तोडणी झालेल्या हॉप्सचा असतो, बियर नासल्याचा नव्हे. पण गुण मात्र जातात.

गुण : बीजेसीपीची पत्रिका ५० गुणांची आहे: वास १२, रूप ३, चव २०, पोत ५, एकूण परिणाम १०. बेरजेनुसार ४५ वा त्याहून अधिक असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली, १४ ते २० कामचलाऊ, आणि १३ वा त्याखाली सदोष अशा पायऱ्या आहेत. एकाच बियरला दोन परीक्षकांनी दिलेल्या गुणांत सातपेक्षा जास्त फरक पडला तर बोलून तो मिटवावा, पण आधी प्रत्येकाने आपली पत्रिका मुकाट्याने पुरी करावी. टेबलावर पहिला बोलणारा सर्वांच्या नाकावर राज्य करतो.

अनटॅप्डसारख्या ॲपवर पाच ताऱ्यांपैकी पाव-पाव ताऱ्याने गुण देता येतात. त्यांत शैलीचा निकष नसतो, म्हणून जास्त मद्यार्काच्या, दाट, फळांच्या वासाच्या हेझी आणि डबल आयपीए सतत वर जातात आणि साडेचार टक्क्यांची नीट बांधलेली पेल एल मागे राहते. खरेदीसाठी ते तारे उपयोगी आहेत. ब्रुअरला त्यांतून काही शिकता येत नाही.

दोन नमुन्यांत खरोखर फरक आहे का, हे ठरवायला त्रिकोणी चाचणी घ्यावी: तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, प्रत्येकावर तीन अंकी सांकेतिक क्रमांक. बारा जणांपैकी किमान आठांनी वेगळा ग्लास ओळखला तरच फरक मानावा. सहा-सात जण नुसत्या अंदाजानेही बरोबर येऊ शकतात.

दोष आणि त्यांचे उगम : मुंबईत सर्वांत जास्त भेटणारा दोष म्हणजे ऑक्सिडेशन. आधी हॉप्सचा वास बोथट होतो, मग मध वा टॉफीसारखा गोडवा वर येतो, शेवटी भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. बियर व्यवसायात एक ठोकताळा आहे: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस यांत बियर साधारण सारखीच शिळी होते. मे महिन्यात गोदामात किंवा टेम्पोत तीन दिवस उघड्यावर राहिलेल्या कॅनची परदेशातल्या ताज्या नमुन्याशी तुलना करणे म्हणूनच अन्यायाचे आहे. कॅनवरची भरण्याची तारीख पत्रिकेवर लिहावीच. सतत थंड ठेवलेली हेझी आयपीए सहा आठवड्यांत आणि वेस्ट कोस्ट आयपीए तीन महिन्यांत प्यावी.

लोणी किंवा बटर पॉपकॉर्नचा वास डायअसेटिलचा. त्याचे उगम तीन असू शकतात. यीस्टला शेवटी पुरेसा वेळ दिला नसेल, तर तो सर्व टॅपवर सारखा येतो. टॅपची नळी दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकने धुतली नसेल, तर त्यात जंतू वाढतात आणि लोण्याबरोबर आंबटपणाही येतो. त्याच केगची (पिंपाची) बियर दुसऱ्या टॅपवरून घेतली की फरक कळतो. तिसरा उगम आयपीएचाच: ड्राय हॉपिंगच्या हॉप्समधली विकरे न आंबणाऱ्या साखरा तोडतात आणि उरलेले यीस्ट पुन्हा जागे होऊन डायअसेटिल बनवते. अशी बियर थंड न ठेवता नेली तर कॅन फुगतो, केग उघडताना नुसता फेस उसळतो.

जखमेच्या चिकटपट्टीसारखा औषधी वास क्लोरोफेनॉलचा. मुंबईचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येते. ते मऊ, कमी क्षारांचे, पण क्लोरीन घातलेले असते. मऊपणा ब्रुअरच्या पथ्यावर पडतो, कारण कोऱ्या पाण्यात वेस्ट कोस्टसाठी जिप्सम आणि हेझीसाठी कॅल्शियम क्लोराइड हवे तसे घालता येते. क्लोरीन मात्र कार्बन फिल्टरने किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइटने काढले नाही तर हा वास येतो, आणि ग्लास नळाच्या पाण्याने विसळून ओलाच वापरला तर क्लोरीनचा उग्रपणा नुसत्या ग्लासातूनही येऊ शकतो.

हिरव्या सफरचंदाचा वास ॲसिटाल्डिहाइडचा, म्हणजे बियर कोवळी असताना टॅपवर चढवली. उकडलेल्या मक्याचा वास डीएमएसचा, उकळी अपुरी पडल्याचा. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास उष्ण जागी पडून जुन्या झालेल्या हॉप्सचा. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली आयपीए उन्हात राहिली तर काही मिनिटांत उग्र गंधकी वास धरते. समुद्राकडच्या गच्चीवर दुपारी ग्लासातल्या बियरलाही तेच होते. ताज्या हेझी आयपीएत घशाला होणारी खवखव हॉप्सचे कण आणि पॉलिफेनॉल यांची असते. एक-दोन आठवडे थंडीत ठेवल्यावर ती बरीच बसते, म्हणून तशा नमुन्याचे गुण राखून ठेवून तो पुन्हा चाखावा.

ब्रूपबमधून ग्राउलरमध्ये (बियर नेण्याच्या मोठ्या बाटलीत) घरी नेलेली बियर परीक्षणासाठी घ्यायची असेल तर ग्राउलर आधी कार्बन डायऑक्साइडने भरून घ्यावा, बियर नळीने तळापासून वर भरावी, बर्फाच्या पेटीतून न्यावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावी. गाडी चालवून जाणाऱ्याने आस्वादनाला बसू नये. महाराष्ट्रात सौम्य बियरसाठी किमान वय २१ वर्षे, तीव्र मद्यासाठी २५ वर्षे आहे आणि मद्यसेवनाचा परवाना लागतो.