पार्श्वभूमी : एमिली ब्राँटेचा रानगुलाब आणि हॉली

मोगलांच्या काळात नाशिक गुलशनाबाद म्हणून ओळखलं जाई. आज दिंडोरी तालुक्यातल्या जानोरी-मोहाडीच्या पॉलिहाउसमधला गुलाब बाराही महिने बाजारात येतो. अशा गावातला विद्यार्थी एमिली ब्राँटेची ‘लव्ह अँड फ्रेंडशिप’ ही कविता वाचतो, तेव्हा तिच्यात प्रेमासाठी आलेला रानगुलाब कोमेजतो हे त्याला कळतं, पण जाणवत नाही. मैत्रीसाठी आलेलं हॉली हे सदाहरित झाड तर त्याने पाहिलेलंच नसतं. मग उत्तरपत्रिकेत ‘प्रेम क्षणभंगुर, मैत्री चिरंतन’ एवढंच उतरतं. या बारा ओळींवर तो अन्याय आहे.

एमिली (१८१८-१८४८) वाढली इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या हॉवर्थला, धर्मोपदेशक वडिलांच्या घरी. शेजारी दफनभूमी, मागे वाऱ्याचा उघडा माळ. तिथला रानगुलाब म्हणजे कुंपणावर पसरलेलं काटेरी झुडूप. पाच पाकळ्यांची फिकट फुलं येतात ती जून-जुलैत. पुढे वर्षभर नाव नाही. गुलाबाच्या बहरात हॉली गर्द, काळपट, कुणाच्या नजरेत न भरणारी. डिसेंबरात बाकीच्या झाडांचे खराटे झाले, की तिची चकचकीत काटेरी पानं आणि लाल फळं उठून दिसतात. ख्रिसमसला तिच्याच फांद्यांनी घरं सजवायची तिथली जुनी रीत. शेवटच्या कडव्यातली हिरवी माळ त्या रीतीतली आहे. आपल्याकडे कसोटी थंडीची नसते, वैशाखाची असते. अंजनेरीच्या उतारावरचं गवत करपलेलं असताना हिरवीगार राहणारी करवंदाची जाळी आठवावी, म्हणजे हॉली समजते.

एमिलीच्या कवितांची वही तिची बहीण शार्लट हिच्या हाती लागली १८४५ मध्ये. त्यावर एमिली संतापली होती. पुढच्या वर्षी तिघी बहिणींनी टोपणनावांनी संग्रह काढला. वर्षभरात त्याच्या दोन प्रती खपल्या. ही कविता छापून आली ती एमिली गेल्यावर, १८५० मध्ये, शार्लटने केलेल्या निवडीत.

विश्लेषणात हमखास निसटतो तो काळ. गुलाबाचा गोडवा कवयित्री नाकारत नाही, उलट त्याच्या सुगंधाने हवा भरल्याचं आधी सांगते. गुलाबाचा हार झिडकारायचा तो मात्र आत्ताच, बहर चालू असताना. हिवाळा आल्यावर हॉली कुणीही निवडेल. कवितेतली निवड भर बहरात करायची आहे, आणि खरी अवघड गोष्ट तीच आहे.