चार टप्प्यांचा फेझर किट: जोडणी, ट्रिमर आणि नंतरचे बदल

फेझर म्हणजे गिटारचा आवाज फिरता ठेवणारा पेडल. हे पत्रक त्याच्या किटच्या डब्यात सगळ्यात वर ठेवले आहे, कारण सोल्डरिंग आयर्न तापायच्या आधी ते वाचून व्हावे. कोणता भाग कुठे बसतो ते सोबतच्या छापील आराखड्यात आहेच. इथे सांगायचे आहे ते त्या आराखड्यात न मावणारे.

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फेझरांत जळालेला भाग क्वचितच सापडतो. सापडतात त्या दोन गोष्टी: नीट न लावलेला ट्रिमर (पेचकसाने फिरवायचा बोर्डावरचा छोटा रेझिस्टर) आणि एकमेकांशी न जुळणारे जेफेट (व्होल्टेजप्रमाणे रोध बदलणारे ट्रान्झिस्टर). महागडे कपॅसिटर, जुन्या काळातले आयसी, चांदीचा मुलामा दिलेली वायर यांवर पैसे घालायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. आमच्या मते या पेडलचा आवाज चार जेफेट आणि एका ट्रिमरमध्ये आहे, आणि पत्रकाचा मोठा भाग त्यांच्यासाठीच राखला आहे.

मूळ कुठले

आमच्या बोर्डाची रचना एमएक्सआर कंपनीच्या फेज ९० या पेडलवरून घेतली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात कीथ बार आणि टेरी शेरवूड यांनी ही कंपनी काढली आणि १९७४ मध्ये फेज ९० बाजारात आणला. त्याआधीचे फेझर मोठे आणि जड असत. जपानच्या शिन-ई कंपनीच्या युनि-व्हाइबमध्ये तर एक छोटा दिवा उघडझाप करत असे आणि त्याच्याभोवतीचे चार प्रकाशसंवेदी रेझिस्टर आवाज फिरवत. फेज ९० ने दिव्याच्या जागी जेफेट घातले, सगळे हातात मावेल अशा नारिंगी डबीत बसवले आणि वर एकच नॉब ठेवला. गिटारवादक एडी व्हॅन हेलनमुळे ती डबी घराघरांत पोचली. आपल्या किटमध्येही वेगाचा एकच नॉब आहे. बाकीचे नॉब लावायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण आधी मूळ पेडल वाजू द्या.

आत काय चालते

गिटारचा सिग्नल आत आला की त्याच्या दोन वाटा होतात. एक वाट सरळ बाहेर जाते. दुसरी चार टप्प्यांतून जाते. हे टप्पे कुठलीही कंप्रता कमी-जास्त करत नाहीत, फक्त तिची फेज, म्हणजे लहरीची वेळ, मागे सारतात. एक टप्पा जास्तीत जास्त १८० अंशांनी. शेवटी दोन्ही वाटा एकत्र येतात. ज्या कंप्रतेवर चार टप्प्यांची बेरीज १८० किंवा ५४० अंश भरते, तिथे सरळ आलेला आणि फिरून आलेला सिग्नल एकमेकांना मारतात आणि आवाजात खाच पडते. म्हणून चार टप्प्यांना दोन खाचा, दोन टप्प्यांना एक, सहा टप्प्यांना तीन.

खाच नेमकी कुठे पडणार हे प्रत्येक टप्प्यातला ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्याबरोबरचा रोध ठरवतात. या रोधाच्या जागी जेफेट आहे आणि त्याला समांतर २२ किलोओहमचा रेझिस्टर आहे. जेफेट पूर्ण बंद असला तर उरतात ते २२ किलोओहम, आणि खाचा पडतात साधारण ६४ आणि ३७० हर्ट्झला. जेफेट उघडत जाऊन एकूण रोध २ किलोओहमवर आला की त्याच खाचा ७०० आणि ४,१०० हर्ट्झच्या आसपास पोचतात. एलएफओ, म्हणजे सेकंदाला एक-दोन फेऱ्या मारणारा संथ ऑसिलेटर, चारही जेफेटच्या गेटवरचे (नियंत्रण करणाऱ्या पायावरचे) व्होल्टेज वर-खाली करतो आणि खाचा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहतात. कानाला ऐकू येतो तो हा प्रवास. खाचा जागेवर थांबल्या तर फेझर निव्वळ एक विचित्र टोन कंट्रोल होऊन बसतो.

जेफेट का जुळवावे लागतात

चारही गेटना एकच व्होल्टेज मिळते. ते व्होल्टेज पोचल्यावर चारही जेफेट सारखेच उघडले पाहिजेत, आणि गोम इथेच आहे. किटमधल्या २एन५९५२ या क्रमांकाच्या जेफेटचे बंद होण्याचे व्होल्टेज १.३ पासून ३.५ पर्यंत कुठेही असू शकते, आणि तरी तो डेटाशीटप्रमाणे चांगलाच माल ठरतो. १.५ चा एक आणि ३ चा एक शेजारी बसवला, तर पहिला बंद झाला तरी दुसरा अर्धा उघडाच राहतो. मग खाचा पसरट होतात, आवाज फिरण्याऐवजी नुसता जरासा हलतो, आणि ट्रिमर कितीही फिरवला तरी समाधान होत नाही. चार बैल चार वेगाने चालले तर नांगर सरळ जाईल कसा?

म्हणून किटमधले चार जेफेट आम्ही मोजून एका छोट्या पुडीत वेगळे दिले आहेत. दोन किट एकत्र जोडत असाल तर पुड्या एकमेकांत मिसळू नका. एखादा जेफेट सोल्डर करताना गेलाच, तर चारही बदला.

स्वतः जुळवायचे असतील तर ९ व्होल्टची बॅटरी, एक मेगओहमचा रेझिस्टर आणि डिजिटल मल्टीमीटर एवढे पुरते. जेफेटचे तीन पाय म्हणजे ड्रेन, गेट आणि सोर्स. ड्रेन बॅटरीच्या धन टोकाला, गेट ऋण टोकाला, आणि सोर्सपासून ऋण टोकापर्यंत तो रेझिस्टर. रेझिस्टरवर जे व्होल्टेज दिसते ते त्या जेफेटचे बंद होण्याचे व्होल्टेज, निदान जुळवण्यापुरते तरी. चौघांत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको, ०.०२ च्या आत बसले तर उत्तमच. जेफेट ब्रेडबोर्डमध्ये खोचल्यावर लगेच आकडा लिहू नका. बोटांच्या उबेने तो सरकतो, म्हणून थोडे थांबा, आणि सगळे एकाच बैठकीत, पंख्याचा थेट वारा लागणार नाही अशा जागी मोजा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत रेझिस्टर, कपॅसिटर, पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर), जॅक आरामात मिळतात आणि ते बिनधास्त घ्यावेत. जेफेट मात्र कुठूनही घेतलेत तरी लागतात त्याच्या चौपट-पाचपट घ्या आणि मोजा. दुसरा क्रमांक वापरणार असाल तर पायांचा क्रम डेटाशीटमध्ये बघून घ्या. बहुतेक जेफेटमध्ये ड्रेन आणि सोर्सची अदलाबदल चालून जाते, गेट चुकून चालत नाही.

जोडताना

बुटके भाग आधी, उंच भाग नंतर, आयसी सगळ्यात शेवटी आणि सॉकेटमध्येच. किटमध्ये टीएल०६२ हे तीन दुहेरी ऑप-अँप (सिग्नल हाताळणारे आयसी) दिले आहेत. त्यांच्या जागी टीएल०७२ बसतो आणि चालतोही, पण तो वीज बरीच जास्त खातो, आणि एलएफओ पलटी मारतो तेव्हा आवाजात ‘टक टक’ ऐकू येण्याची शक्यता वाढते. फूटस्विचच्या नऊ टोकांवर आयर्न फार वेळ टेकवू नका. आतले प्लास्टिक मऊ होते आणि स्विच पुढे कधीतरी अडकू लागतो.

ॲल्युमिनियमच्या डबीला भोके पाडताना जॅकसाठी ९.५ मिलिमीटर, फूटस्विचसाठी १२, पॉटसाठी ७. आधी बारीक ड्रिल, मग स्टेप ड्रिल.

सोल्डरिंग झाल्यावर बोर्डाची खालची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून काढा. हे केवळ दिसण्यासाठी सांगत नाही. एलएफओचे व्होल्टेज गेटपर्यंत ३.९ मेगओहमच्या रेझिस्टरमधून पोचते. त्या जागी फ्लक्सचा (सोल्डरमधल्या राळेचा) थर राहिला आणि पावसाळी हवा त्यात मुरली की थरातून थोडी वीज गळते आणि गेटचे व्होल्टेज सरकते. उन्हाळ्यात छान वाजणारा पेडल जुलैत रत्नागिरीला किंवा पणजीला नेल्यावर मंदावला, तर आधी बोर्ड धुवा, मग ट्रिमरला हात लावा.

वीज देण्याआधी

पेडलचा डीसी सॉकेट ९ व्होल्टचा आणि मधली पिन ऋण असलेला आहे. घरात पडून असलेले राउटरचे ॲडॉप्टर बहुधा १२ व्होल्टचे आणि मधली पिन धन असलेले असतात. उलट जोडणीपासून वाचवायला बोर्डावर डायोड आहे, तरी त्याची परीक्षा घेऊ नका. स्वस्त ॲडॉप्टरची शिट्टी फेझरमधून फिरत फिरत ऐकू येते. पहिली चाचणी बॅटरीवरच करा.

आयसी न बसवता वीज द्या. झीनर डायोडवर (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या डायोडवर) ४.७ ते ५.२ व्होल्ट दिसले पाहिजेत आणि आयसीच्या आठव्या पायावर जवळजवळ पूर्ण बॅटरी. मग वीज काढून आयसी बसवा आणि पुन्हा मोजा. पहिल्या आणि सातव्या पायावर झीनरइतकेच व्होल्टेज हवे. एलएफओचा एक पाय याला अपवाद आहे: तो खालून वर, वरून खाली उड्या मारत राहतो आणि वेगाचा नॉब फिरवला की उड्यांचा वेग बदलतो. काट्याचा जुना मीटर असेल तर हे पाहायला मजा येते. गेटवर मात्र मीटर लावून काही ठरवू नका. तिथला रोध इतका मोठा आहे की मीटर लावल्यानेच व्होल्टेज खाली येते.

ट्रिमर

गिटार वाजते पण काहीच फिरत नाही, असे पहिल्यांदा वीज दिल्यावर जवळजवळ सगळ्यांचेच होते. पेडल बिघडलेला नाही. ट्रिमरच्या पूर्ण फेऱ्यात फेझर जिवंत असतो तो एका चिंचोळ्या पट्ट्यातच. पट्ट्याच्या एका बाजूला चारही जेफेट कायम उघडे, दुसऱ्या बाजूला कायम बंद.

वेगाचा नॉब मध्यापेक्षा थोडा खाली ठेवा. ॲम्पवर हलके डिस्टॉर्शन घ्या, कारण स्वच्छ आवाजापेक्षा भरगच्च आवाजात खाचा ठळक ऐकू येतात. एखादी मोठी कॉर्ड धरून वाजवत राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी प्लास्टिकच्या पेचकसाने ट्रिमर एका टोकापासून अगदी सावकाश फिरवायला सांगा. आवाज फिरू लागला की थांबा, मग केसभर पुढे-मागे करून बघा. प्रवास वर जाताना आणि खाली येताना सारखा वाटला पाहिजे. एका टोकाला आवाज थबकून उभा राहत असेल तर ट्रिमर अजून पट्ट्याच्या कडेला आहे. आकड्यांवर विसंबू नका, हे काम कानांचे. बॅटरी नवी असतानाच करा आणि डबी बंद करण्यापूर्वी पुन्हा एकदा ऐका.

बदल

मूळ पेडल नीट वाजू लागल्यावरच इकडे वळा, आणि एका वेळी एकच बदल करा.

पहिला आणि सगळ्यांत लोकप्रिय बदल आर२८. या २४ किलोओहमच्या रेझिस्टरमधून शेवटच्या टप्प्याचा थोडा सिग्नल मागे परत जातो आणि मधल्या पट्टीतला आवाज टोकदार होतो. सुरुवातीच्या, धावत्या अक्षरांत नाव छापलेल्या फेज ९० मध्ये तो नव्हता. ठसठशीत अक्षरांच्या नंतरच्या पेडलमध्ये आला. चाहत्यांत हा क्रमांक इतका रुळला आहे की आमच्या बोर्डावरही आम्ही तोच ठेवला. रेझिस्टरचा एक पाय उचलून मध्ये छोटा स्विच घातला की दोन्ही आवाज मिळतात. स्वच्छ गिटारवर आम्हाला तो काढलेलाच आवडतो. डिस्टॉर्शनबरोबर वाजवणाऱ्यांना तो हवासा वाटेल. स्विचऐवजी १०० किलोओहमचा पॉट लावायचा असेल तर त्याच्याबरोबर १० किलोओहमचा रेझिस्टर ओळीत जोडा, नाहीतर एका टोकाला पेडल किंचाळतो.

दुसरा बदल व्हायब्रेटोचा. दोन्ही वाटा एकत्र येतात तिथे १५० किलोओहमचे दोन रेझिस्टर आहेत. सरळ वाटेवरचा तोडला की खाचा नाहीशा होतात आणि सूर खाली-वर लहरू लागतो. इथेही स्विच घालणे बरे, कारण एकट्या व्हायब्रेटोचा लवकर कंटाळा येतो.

वेग बदलायचा असेल तर एलएफओचा १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक बदला. २२ लावला की सगळे निम्म्याहून संथ, ४.७ लावला की दुपटीहून जलद. वेगाचा पॉट ५०० किलोओहमचा आणि उलट्या लॉगचा आहे. त्याजागी साधा लिनिअर लावला तर सगळे जलद वेग नॉबच्या शेवटच्या टोकाला दाटीवाटीने बसतात.

सर्वांत मोठा फरक पाडतो तो युनि-व्हाइबकडे नेणारा बदल. चारही टप्प्यांत ४७ नॅनोफॅरडऐवजी अनुक्रमे १५ नॅनोफॅरड, २२० नॅनोफॅरड, ४७० पिकोफॅरड आणि ४.७ नॅनोफॅरड लावा. आता टप्पे एकाच जागी काम करत नाहीत, म्हणून खाचा उथळ आणि विखुरलेल्या पडतात आणि फिरण्यापेक्षा धडधडल्यासारखा आवाज येतो. दिव्याची ती असमान उघडझाप इथे नसल्याने हुबेहूब युनि-व्हाइब मिळणार नाही. कपॅसिटर सॉकेटमध्ये बसवा, म्हणजे परत येता येईल. बेस गिटारसाठी चारही जागी १०० नॅनोफॅरड लावले की खाचा साधारण निम्म्या कंप्रतेवर उतरतात.

पेडल डिस्टॉर्शनच्या आधी ठेवला तर आवाज चघळल्यासारखा येतो, नंतर ठेवला तर विमान डोक्यावरून गेल्यासारखा. मात्र सिग्नल मोठा करणाऱ्या जोरदार बूस्टच्या नंतर ठेवू नका. जेफेट लहान सिग्नललाच रेझिस्टरसारखा वागतो, मोठ्या सिग्नलला तो स्वतःच फाटका आवाज काढू लागतो.

अडलात तर

बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे उजेडात काढलेले फोटो, झीनरवरचे व्होल्टेज आणि तिन्ही आयसींच्या आठही पायांचे आकडे पाठवा. कोणते बदल केले आहेत तेही लिहा. आधी ते पूर्ववत करून मग मोजलेत तर निदान लवकर होते. दुकानात पेडल घेऊन आलात तर ट्रिमर समोरच लावून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. येताना तुमची नेहमीची गिटार आणा.