निकोटिनचा गम, चुना आणि कट चहा

सिगारेट सोडण्यासाठी व्हेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे वळणं ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेलाही मान्य आहे. आपल्याकडे मात्र २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि साठा सगळंच बंद आहे. उत्पादन, आयात किंवा विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चोरून विकल्या जाणाऱ्या मालात निकोटिन किती, याची हमी कोण देणार? तेव्हा लातूर-परभणीच्या माणसानं मेडिकलवर मिळणाऱ्या निकोटिनच्या गमचा आणि कातडीवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीचा विचार करावा.

गमबद्दलची तक्रार ठरलेली असते: उचकी लागली, मळमळलं आणि तलफ होती तशीच. दोष बहुतेक वेळा वापरण्यात असतो. तंबाखूत चुना कशाला मळतात? चुन्यानं लाळ अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची होते आणि अशा लाळेतलं निकोटिन गालाच्या अस्तरातून भराभर रक्तात उतरतं. गममध्ये त्याच कामासाठी क्षार घातलेले असतात. त्यावर कट चहा मारला, लिंबू सरबत किंवा सोडा प्यायला की तोंडात आम्ल वाढतं, निकोटिन गालातून जात नाही आणि लाळेबरोबर पोटात जातं. मग उचकी, छातीत जळजळ. शिवाय पोटातून गेलेलं बरंचसं निकोटिन यकृतच मोडून टाकतं. म्हणून गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी, ताक, सरबत काही नको.

गम च्युइंगगमसारखा चघळत बसू नका. सावकाश चावा. तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की थांबा आणि तो गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चव ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावून दुसऱ्या बाजूला दाबा. एक गम साधारण अर्धा तास चालतो.

सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा गम, नाहीतर २ चा. ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. सिगारेटचं निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, गमचं निकोटिन रक्तात पुरतं चढायला २०-३० मिनिटं लागतात. त्यामुळे तलफ आल्यावर गम शोधणारा नेहमी मागेच राहतो. घड्याळ बघून घ्या. गरोदर बाईनं आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यानं आधी डॉक्टरांना विचारावं.

चिडचिड, झोपमोड, वखवख दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. तलफेची एकेक लाट मात्र तीन ते पाच मिनिटांचीच. इथे चहा आणखी एक घोळ घालतो, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृताला कॅफीन झपाट्यानं मोडायला लावतात. हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे. म्हणून गम चालू असला तरी धूर थांबला की तेवढ्याच चहात रक्तातलं कॅफीन दुपटीच्या आसपास जातं. हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते आणि माणूस त्याला तलफ समजून टपरी गाठतो. पहिल्या दिवसापासून चहा निम्मा करा.

पट्टी वापरणाऱ्यांना मराठवाड्याचा उन्हाळा नडतो. एप्रिल-मेच्या घामानं ती सुटते, आणि कातडी तापली की तिच्यातून निकोटिन जास्त वेगानं शिरतं. डोकं दुखतं, मळमळतं. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून, केस नसलेल्या आणि उन्हात न येणाऱ्या जागी लावा, दहा सेकंद तळव्यानं दाबा, जागा रोज बदला.

हाताला चाळा हवा म्हणून सुपारी किंवा पुडी धरू नका. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा तोंडाचा कॅन्सर करते. बडीशेप, लवंग, भाजलेले फुटाणे चालतील, फक्त गम तोंडात असताना नाही. अडलंच तर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे. आणि एखाद्या दिवशी सिगारेट ओढली गेलीच, तर गम बंद करू नका. पुढचा गम ठरल्या वेळेला घ्या.