पोपचं भाषण आणि लमेत्र यांची अडचण

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे बोलले. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्याच पुस्तकात देव म्हणतो, 'प्रकाश होवो'. त्या आदिक्षणाची साक्ष आता विज्ञानच देऊ लागलं आहे, असा भाषणाचा सूर होता. विश्वाला सुरुवात आहे, म्हणजे निर्माताही आहे.

याचा सर्वाधिक आनंद बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांना व्हायला हवा होता. ते स्वतः कॅथलिक फादर. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ मध्ये, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांच्या याच विषयावरच्या गाजलेल्या निबंधाच्या दोन वर्षं आधी मांडलं होतं. सगळं एका 'आदिम अणू'तून निघालं, ही कल्पनाही त्यांचीच. १९३१ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकासाठी तिच्यावर टिपण लिहिताना मसुद्याच्या शेवटी त्यांनी देवाबद्दल एक परिच्छेद लिहिला होता. छापायला देण्याआधी तो खोडला.

पोपच्या भाषणाने लमेत्र अस्वस्थ झाले. बायबल मुक्तीचा मार्ग दाखवतं, भौतिकशास्त्र शिकवत नाही, अशी त्यांची धारणा होती. शिवाय भौतिकशास्त्रातली 'सुरुवात' म्हणजे गणित जिथवर मागे नेता येतं ती पहिली अवस्था. शून्यातून निर्मिती हा प्रश्नच निराळा, आणि समीकरणं त्याला हातही लावत नाहीत.

व्यवहाराची बाजूही होती. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं असतं. केम्ब्रिजचे फ्रेड हॉइल (आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू) यांना या सिद्धांताला धर्मग्रंथाचा वास येतो असंच वाटे. त्याला 'बिग बँग' (महास्फोट) हे नाव त्यांनीच १९४९ मध्ये बीबीसीवरच्या एका भाषणात वापरलं.

आणि खरं सांगायचं तर सिद्धांत तेव्हा लंगडाच होता. हबलच्या आकड्यांवरून विश्वाचं वय जेमतेम २०० कोटी वर्षं निघे, तर पृथ्वीवरचे काही खडक त्याहून जुने ठरत होते! अशा हिशोबावर श्रद्धेचा पाया उभारणं मला तरी धाडसाचं वाटतं. उद्या हिशोब चुकला तर श्रद्धेने काय करायचं?

व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर डॅनियल ओकॉनेल यांच्यामार्फत लमेत्र यांनी आपलं म्हणणं वरपर्यंत पोहोचवलं, असं इतिहासकार सांगतात. सप्टेंबर १९५२ मध्ये रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा पोप त्यांच्यापुढेही बोलले. या वेळी 'प्रकाश होवो'चा दाखला नव्हता.

त्याच परिषदेत वॉल्टर बाडे यांनी जाहीर केलं की दीर्घिकांची (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची) अंतरं मोजायची पट्टीच चुकली आहे. अंतरं मोजायला वापरायचे सेफीड तारे दोन प्रकारचे असतात आणि आजवर दोन्हींना एकच माप लावलं जात होतं. अंतरं दुप्पट झाली, म्हणजे दीर्घिकांना इतकं दूर जायला वेळही दुप्पट लागला असणार; त्याबरोबर विश्वाचं वयही दुप्पट झालं. पुढे ते आणखी वाढत गेलं. आज ते सुमारे १३८० कोटी वर्षं मानलं जातं.