हेब्रिडीजच्या समुद्रातली गेलिक नावे : नोंदींची पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या हेब्रिडीज बेटांभोवतीचे खडक आणि जलमार्ग यांची गेलिक (तिथल्या जुन्या स्थानिक भाषेतली) नावे दोन सरकारी खात्यांच्या मधल्या फटीत अडकली. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-खात्याचे काम जमिनीचे. त्यांची हद्द उधाणाच्या ओहोटीच्या रेषेपाशी संपायची. त्यापुढचा समुद्र अ‍ॅडमिरल्टीच्या, म्हणजे नौदल खात्याच्या, चार्टचा (समुद्री नकाशाचा), आणि तिथे जहाजांना उपयोगी पडेल तेवढेच टिपले जाई. कायम पाण्याखाली असलेली, वर लाट फुटली तरच कळणारी खडपे (गेलिकमध्ये 'बोघा') बरीचशी मच्छीमारांच्या बोलण्यातच राहिली.

अ‍ॅडमिरल्टीसाठी मर्डॉक मॅकेन्झीने १७५१ पासून हा किनारा मोजला. एकोणिसाव्या शतकात ऑर्डनन्स सर्व्हेने नावांच्या वह्या ठेवल्या. नकाशावरचे नाव, त्याची निरनिराळी स्पेलिंगे, ती कोणाच्या सांगण्यावरून घेतली, जागा आणि वर्णन असे रकाने त्यात होते. पद्धत चांगलीच होती. खोट होती ती तिसऱ्या रकान्यात. जमीनदार, त्याचा कारभारी, पाद्री, शिक्षक यांच्या शब्दाला वजन होते. ज्याची होडी रोज त्या खडपाजवळून जाई, त्याच्या शब्दाला तेवढे नव्हते. पुढे १९५१ मध्ये एडिंबरा विद्यापीठात स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झाले आणि बोललेली नावे टेपवर येऊ लागली. आज अधिकृत गेलिक रूपे सुचवणारी संस्था स्काय बेटावरच्या साउल मोर ओस्तिग कॉलेजात आहे.

ध्वनिमुद्रण हवेच, कारण लिखित रूप फसवते. 'स्केर नन रोन' म्हणजे अनेक सीलांचा (सील हा समुद्री सस्तन प्राणी) खडक, 'स्केर अन रोइन्य' म्हणजे एकाच सीलचा. हा फरक इंग्रजी स्पेलिंगमध्ये सहज पुसला जातो. नाव सुटे न घेता पूर्ण वाक्यात बोलवून घ्यावे. नकाशावरचे नाव आधी वाचून दाखवू नये, समोरचा भिडेखातर हो म्हणतो. हेब्रिडीजमधल्या स्टॉर्नोवे बंदरात उधाणाच्या भरती-ओहोटीत सुमारे ४ मीटरचा फरक पडतो, म्हणून खडक कोणत्या पाण्याला उघडा पडतो हेही लिहावे. समोरासमोरच्या दोन गावांनी एकाच जलमार्गाला वेगळी नावे दिली असतील, तर दोन्ही ठेवावीत आणि प्रत्येकापुढे गाव लिहावे.

सर्वांत मोलाच्या असतात त्या पाण्याखालचे खडप हुडकायच्या किनाऱ्यावरच्या खुणा. घराचे धुराडे आणि मागच्या टेकडीचे टोक एका रेषेत आले की एक रेघ मिळते. दुसऱ्या बाजूची अशीच रेघ तिला छेदते तिथे खडप. घर पडले की खूण गेली, आणि प्लॉटर (होडीची जागा पडद्यावरच्या नकाशात दाखवणारे यंत्र) आल्यापासून नव्या नावाड्यांना ती शिकावीच लागत नाही. म्हणून नाव आणि खुणा एकाच बैठकीत घ्याव्यात, मग होडीने जाऊन जागेवर जीपीएस वाचन घ्यावे. जुन्या चार्टवरचे अक्षांश-रेखांश तसेच जीपीएसमध्ये घातले, तर मोजणीचा पाया वेगळा असल्याने सुमारे १०० मीटरची चूक पडते आणि नाव शेजारच्याच खडपाला चिकटते.